कलमतराशाच्या मुठीवरील ओरखडे

हस्तलिखितांचा संग्रह करणाऱ्यांस जुन्या दप्तरांबरोबर लेखनसाहित्यहि पुष्कळ वेळां मिळतें. कलमदान, दौत व बोरू यांच्या जोडीला कलम तासण्याचा लहान चाकू, म्हणजे फारसींतील कलमतराश, त्यांत असतो. कागदाला कसर लागली तर आपण हळहळतों. परंतु चाकूची मूठ ओरखडलेली व काळवंडलेली दिसली, कीं ती घासून लखलखीत करावी असें चांगल्या चांगल्या संग्राहकांसहि वाटतें. ही इच्छा स्वाभाविक आहे. तथापि तिच्या पायीं एखाद्या लेखाइतकाच मोलाचा पुरावा नष्ट होतो. तो कसा होतो व मुठीचा उपचार कोणत्या मर्यादेंत करावा, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं एका गृहस्थांनीं एक कलमतराश आम्हांस दाखविण्यास आणिला. तो घराण्यांत अनेक पिढ्या चालत आलेला आहे असें ते सांगत, व मुठीवरून त्याचा काल ठरवितां येईल काय, असा त्यांचा प्रश्न होता. मूठ पोलादी असून आरशासारखी चकचकीत होती, कारण ती त्यांनीं नुकतीच बाजारांतून घासून आणिली होती. पूर्वीं हिच्यावर बारीक चरे फार होते, ते सर्व काढविले, असें ते समाधानानें म्हणाले. भिंगानें पाहतां पात्याच्या बुडाशीं, जेथें घासण्याचें चाक पोहोंचलें नव्हतें, तेथें एकमेकांस छेदणाऱ्या सूक्ष्म समांतर रेघा व त्यांत अडकलेले सोन्याचे दोन-तीन कण दिसले. ते चरे ओरखडे नव्हते. ती कोफ्तगारी होती. गृहस्थांच्या प्रश्नाचें उत्तर देणारी नक्षीच गेली होती, आणि आम्हांस निरुत्तर व्हावें लागलें.

(१) चऱ्यांचे प्रकार. कोफ्तगारींत कारागीर पोलादाचा पृष्ठभाग धारदार हत्यारानें दोन किंवा तीन दिशांनीं चरून खरबरीत करितो. त्यावर सोन्याची किंवा रुप्याची बारीक तार नक्षीप्रमाणें मांडून हातोडीनें ठोकली म्हणजे ती चऱ्यांच्या दातांत पकडली जाते. शेवटीं ती अकिकानें घोटतात. आज पाकिस्तानांत असलेलीं पंजाबांतील सियालकोट व गुजरात हीं गांवें १९ व्या शतकांत या कामाविषयीं प्रसिद्ध होतीं. सोन्याचा थर पातळ असल्यामुळें हाताच्या घर्षणानें तो झिजतो व खालचे चरे उघडे पडतात. हेच चरे अजाण माणसास ओरखडे वाटतात. वास्तविक तिरप्या उजेडांत पाहिल्यास त्यांतील अवशिष्ट कणांवरून फुलापानांची आकृति कधीं कधीं वाचतां येते.

तेव्हां मुठीवरची रेघ कोणाची, हा पहिला प्रश्न होय. कारागिराचे चरे समांतर, समान अंतराचे व एकाच खोलीचे असतात. कानशीचे चरे सरळ, जाड व बहुधा एका दिशेचे असतात. वापरानें पडलेले ओरखडे वाटेल त्या दिशेनें जातात, नक्षीची मर्यादा जुमानीत नाहींत, व मुठीच्या उंच भागांवर अधिक आढळतात. मालकाच्या खुणा याहून वेगळ्या. बिकानेरच्या शस्त्रागारांतील अनेक शस्त्रांवर ठिपक्यांनीं काढलेल्या देवनागरी नोंदी आहेत. त्यांपैकीं कांहींवरून तीं शस्त्रें इ. स. १६८९ च्या सुमारास दक्षिणेंतील अदोनीहून गेलीं हें कळतें. असे ठिपके घासणाऱ्याच्या दृष्टीनें केवळ खाचखळगे होत, इतिहासकाराच्या दृष्टीनें ते लेख आहेत.

(२) मुठीचा धातु. लोहचुंबक लावून पोलाद ओळखतां येतें. मात्र घडीच्या चाकूच्या पोटांत लोखंडी पत्रे असतात, त्यांवरून फसूं नये. १९ व्या शतकांतील दप्तरांबरोबर शेफील्डचे घडीचे चाकू पुष्कळ सांपडतात. तेथील चाकूकारांचा संघ इ. स. १६२४ त कायद्यानें स्थापन झाला व कारागिरांच्या छापांची नोंद तो ठेवीत असे. हे छाप बहुधा पात्याच्या बुडाशीं असतात, म्हणून तो भाग कधींहि घासूं नये. रुपेरी मुठीविषयीं विशेष सावधगिरी पाहिजे. इ. स. १७४३ च्या सुमारास टॉमस बोल्सोव्हर या शेफील्डच्या चाकूकारास एका चाकूची मूठच दुरुस्त करीत असतां तांब्यावर रुपें उष्णतेनें सांधतें असें आढळलें, असें सांगतात. या शोधांतून तांब्यावर रुप्याचा पत्रा चढविण्याचा मोठा धंदा निघाला. पुढें इ. स. १८४० त एल्किंग्टन यांनीं विजेच्या साहाय्यानें मुलामा देण्याच्या कृतीचें पेटंट घेतलें. हा मुलामा केंसाच्या जाडीहूनहि पातळ असतो. एक ओरखडा काढावयास गेलें कीं खालचा तांबूस किंवा पिवळसर धातु वर येतो, व ती हानि भरून येत नाहीं. बिदरी कामाचेंहि तसेंच. जस्तप्रधान धातूवरील काळा रंग नवसागर व बिदरच्या किल्ल्यांतील माती यांच्या लेपानें आणिलेला असतो. घासल्यानें तो जातो.

(३) घासण्यानें काय होतें. ओरखडा म्हणजे धातूंतील एक दरी व तिच्या दोन्ही कांठांस उचललेले बांध. घासून ती दरी नाहींशी करावयाची तर तिच्या तळापर्यंत सभोंवारचा सर्व पृष्ठभाग उतरवावा लागतो. म्हणजे एका रेघेसाठीं सबंध मुठीचें मूळ अंग खर्चीं पडतें. इ. स. १८१२ त फ्रीड्रिख मोहस यानें खनिजांच्या काठिण्याची १ ते १० अशी श्रेणी ठरविली. तींत रुपें, तांबें व पितळ ३ च्या आसपास, गार ७ व कुरुंद ९ येतो. विटकरीच्या पुडींत गारेचे कण असतात. तेव्हां विटकरीनें घासलेली पितळी मूठ चकाकते ती सहस्र नव्या ओरखड्यांनीं. कुरुंदाच्या कागदाची गोष्टच नको. चिंचेनें मळ सुटतो, पण तिचें आम्ल जुनी झांकहि खातें व पितळेवर तांबूस डाग ठेवितें. शिकलगाराला दोष देण्याचें कारण नाहीं. त्याची विद्या वापरांतल्या हत्यारासाठीं आहे, संग्रहांतल्या वस्तूसाठीं नव्हे.

(४) उपचार. प्रथम मुठीचें सर्व बाजूंनीं तिरप्या उजेडांत छायाचित्र घ्यावें व कोरीव खुणा असल्यास त्यांची नक्कल करावी. नंतर मऊ कुंचल्यानें धूळ झाडावी. चाकू पाण्यांत बुडवूं नये किंवा तापवूं नये. देशी मुठींत पात्याची शेपटी बहुधा लाखेनें बसविलेली असते, व ती लाख उष्णतेनें वितळते, स्पिरिटांत विरघळते. कापसाचा बोळा शुद्ध पाण्यानें किंचित् ओला करून तेलकट मळ पुसावा व लागलीच कोरडें करावें. पोलादावर गंज असेल तेथें खनिज तेलाचा थेंब लावून बांबूच्या कामटीनें तो हलक्या हातानें सोडवावा. मुलामा नसलेल्या साध्या पितळी किंवा रुप्याच्या मुठीवर फारच काळिमा असल्यास शुद्ध खडूची वस्त्रगाळ पूड पाण्यांत कालवून, आधीं आडबाजूस तपासून, मग लावावी. अमोनिया असलेलें द्रावण पितळेस लावूं नये. त्यानें ताण असलेलें पितळ तडकतें.

ओरखडा अगदींच डोळ्यांत खुपत असेल, आणि मूठ साधी, भरीव व निर्लेख असेल, तरच घोटणीचा उपयोग करावा. ज्या रीतीनें आपले लेखक अकिकानें कागद घोटीत, त्याच रीतीनें गुळगुळीत अकीक ओरखड्याच्या कांठांवरून फिरविला असतां उचललेले बांध खालीं बसतात, रेघ मंदावते व धातु झडत नाहीं. रेघ पूर्ण जात नाहीं, हें खरें. परंतु ती जावी असा आग्रहहि धरूं नये.

शेवटीं खनिज मेणाचा अत्यंत पातळ हात द्यावा. चाकू चामड्याच्या म्यानांत ठेवूं नये, कारण चामड्यांतील आम्लांनीं पितळेवर हिरवा कळंक चढतो. रुप्याची मूठ लोकरींत गुंडाळूं नये, कारण लोकरींतील गंधकानें ती काळी पडते. म्यान जपावें, पण वेगळें. पोलादी चाकू हस्तलिखिताच्या रुमालांत परत बांधूं नये. गंजाचा डाग कागदास पडला कीं तो निघत नाहीं.

जुन्या पोथींत कोणी खाडाखोड केली असली तर ती आपण पुसून टाकीत नाहीं. पाठभेद म्हणून जपतों. मुठीवरील रेघांसहि संग्राहकांनीं हाच न्याय लावावा, आणि कोणतीहि जुनी मूठ घासावयास देण्यापूर्वीं ती एकदां भिंगाखालीं पाहावी, एवढीच आमची विनंति आहे.