मासा लागलाच नाही तर पैसे कशाचे? ‘फिशिंग डे’चा धंदा आणि आपलं हतनूर

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण अनुभव विकणारे धंदे बघितले. त्यात अमेरिकेतल्या लेक मिशिगनवरच्या सॅमन-ट्राउट फिशिंगचं उदाहरण दोन मिनिटांत उरकलं, कारण व्हिडिओ आधीच लांबला होता. पण त्या दोन मिनिटांत खूप काही राहून गेलं. जळगाव, भुसावळ, चाळीसगाव, नवापूरकडे ज्यांच्या जवळ धरणाचं पाणी आहे, त्यांनी हा लेख सावकाश वाचा. कॅल्क्युलेटर जवळ ठेवा.

आधी तो धंदा चालतो कसा ते बघू. पहाटे पाच-साडेपाचला धक्क्यावर नाव तयार असते. कॅप्टन एक, हेल्पर एक आणि पाहुणे जास्तीत जास्त सहा. सहाच का? तिथल्या बहुतेक चार्टर कॅप्टनकडे सहा पैसे देणाऱ्या पाहुण्यांपुरताच परवाना असतो. सातवा माणूस कितीही नोटा दाखवू दे, नावेत बसत नाही. गळ, दोऱ्या, आमिष सगळं नावेवरच असतं. मासा खोल थंड पाण्यात असला तर दोरीला जड गोळा लावून आमिष खाली नेतात आणि नाव हळूहळू चालवत मागे ओढत फिरवतात. मासा लागला की हेल्पर ओरडतो, पाहुण्याच्या हातात काठी देतो. पाच ते आठ तासांनी परत. हेल्पर धक्क्यावर मासे साफ करून पिशवीत भरून देतो, त्याला टिप मिळते. मासेमारीचा सरकारी परवाना पाहुण्याने स्वतः काढायचा असतो.

आता धंद्याच्या नजरेने दोन गोष्टी टिपा. एक, भाडं साधारण नावेचं असतं, माणशी नाही. तुम्ही तिघं या नाहीतर सहा या, कॅप्टनचा दिवस विकला गेला. दोन, मासा मिळेल असं कोणी लिहून देत नाही. हवा बिघडली तर ट्रिप रद्द करायचा शब्द कॅप्टनचा. त्याने रद्द केली तर दुसरी तारीख मिळते. पाहुण्याने ऐनवेळी टांग दिली तर अ‍ॅडव्हान्स गेला. हे सगळं बुकिंगच्या वेळीच स्पष्ट सांगितलेलं असतं, म्हणून धक्क्यावर भांडण होत नाही.

(जाता जाता: मुंबईच्या हॉटेलात ‘इंडियन सॅमन’ म्हणून जो मिळतो तो आपला रावस. त्याचा या सॅमनशी संबंध नाही.)

आता मजा ऐका. लेक मिशिगनमधला हा सॅमन मुळात तिथला नाहीच. तिथला जुना लेक ट्राउट जादा मासेमारीने आणि समुद्रातून शिरलेल्या लॅम्प्रे नावाच्या रक्तशोष्या जीवामुळे जवळजवळ संपला. मग अलवाइफ नावाचा छोटा मासा बेसुमार वाढला. १९६७ च्या उन्हाळ्यात मेलेल्या अलवाइफचे ढीग किनाऱ्यावर सडत पडले होते. हॉवर्ड टॅनर नावाच्या मत्स्य अधिकाऱ्याने पॅसिफिककडच्या ओरेगॉनहून कोहो सॅमनची अंडी आणली, पिल्लं वाढवली आणि १९६६ मध्ये सोडली. अलवाइफ खाऊन ती अशी फुगली की पुढच्याच वर्षी लोक वेड्यासारखे गळ घेऊन धावले. चार्टर बोटींचा धंदा त्यातून फोफावला. मोटेल, पेट्रोलपंप, आमिषाची दुकानं, सगळ्यांचं पोट त्यावर चालू लागलं.

त्याच वेडात २३ सप्टेंबर १९६७ ला अचानक वादळ आलं आणि छोट्या नावा घेऊन आत गेलेले सात जण बुडाले. पुढे शेजारच्या लेक ह्युरॉनमध्ये २००३-०४ च्या सुमारास अलवाइफच संपला. सॅमन उपाशी पडला आणि सॅमनच्या जिवावर जगणाऱ्या तिथल्या गावांचे धक्के ओस पडले. त्या कॅप्टन लोकांनी धंद्यात काही चूक केली नव्हती. पाण्याखालचं गणित त्यांच्या हातात नव्हतं, एवढंच.

म्हणजे मासा कोणीतरी सोडलेला होता. हा मुद्दा धरून ठेवा, कारण आपल्याकडे तो जास्तच लागू पडतो.

सॅमन-ट्राउट आपल्याकडे होणार नाही, तो विषयच सोडा. त्यांना थंडगार पाणी लागतं. ट्राउट हिमाचलात आणि काश्मीरात आहे, तोही इंग्रजांनी नेऊन सोडलेला. जळगावचा मे महिना ज्याने काढला त्याला जास्त सांगायला नको. आपल्याकडे कटला, रोहू, मृगळ, मरळ, वाम आणि चिलापी. पाणी म्हणाल तर भरपूर. तापीवरचं हतनूर आहे, त्याचे ४१ दरवाजे दर पावसाळ्यात बातमीत असतात. गिरणा धरण आहे, जळगाव शहराला पाणी पाजणारं वाघूर आहे, नवापूरकडे उकाईचं बॅकवॉटर आहे. पिंप्राळ्यातून निघालात तर भुसावळ ओलांडून हतनूर काही लांब नाही. आपल्या घराशेजारचा मेहरूण तलाव मात्र विसरा. जिथे लोक रोज सकाळी फुकट चालायला जातात तिथे दिवसाचं तिकीट कोण घेईल?

शिरपूरकडचं अनेरही यादीतून काढा. ते अनेर धरण अभयारण्य आहे. कर्नाटकात कावेरीवर भीमेश्वरीला महसीर माशाचे गळ-कॅम्प जगभर नावाजले होते. मासा पकडून फोटो काढून परत सोडायचे. तरी अभयारण्याच्या हद्दीत १९७२ च्या वन्यजीव कायद्यापुढे ते टिकले नाहीत, बंद झाले. चांगला धंदा होता, जागा चुकीची होती.

आता खरा प्रश्न. हतनूरमधला मासा कोणाचा?

धरण जलसंपदा खात्याचं. आपल्याकडे ते काम तापी पाटबंधारे विकास महामंडळ बघतं, ऑफिस जळगावातच आहे. पण मासेमारीचा हक्क मत्स्यव्यवसाय विभाग ठेक्याने देतो, आणि तो साधारणपणे मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. या संस्था पैसे घालून कटला-रोहूचं बीज पाण्यात सोडतात. वर्ष-दोन वर्षं थांबतात. तुमचा पुण्याहून आलेला पाहुणा फोटो काढून जो तीन किलोचा कटला डिकीत टाकेल, तो नदीने दिलेला नाही. कोण्या भोई किंवा कोळी कुटुंबाच्या खिशातून बीजाचे पैसे गेलेत. मिशिगनमध्ये मासा सरकार सोडतं आणि पाहुण्याच्या परवान्याचा पैसा माशांच्याच कामाला परत जातो. आपल्याकडे तो परतीचा रस्ता तुम्हाला स्वतः बांधावा लागेल.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. हा धंदा करायचा तर संस्था तुमची पार्टनर पाहिजे, नुसती ‘परवानगी देणारी’ नको. दर दिवसामागे संस्थेचा ठरलेला हिस्सा. पाहुण्याला मासा घरी न्यायचा तर काठावर वजन करून किलोच्या भावाने संस्थेची पावती. नाही न्यायचा तर ओल्या हाताने सोडवून परत पाण्यात. असं लिहून ठरलं तर जाळं टाकणारे भाऊ तुम्हाला मासा कुठे बसलाय ते सांगतील. नाही ठरलं तर चार आठवड्यांत तुमच्या गाडीसमोर उभे राहतील, आणि ते बरोबरच असतील.

हे आपल्या राज्यात होऊ शकतं का? भिगवणला जाऊन बघा. पुणे-सोलापूर हायवेवर, उजनीच्या बॅकवॉटरला. तिथले मच्छीमार हिवाळ्यात रोहित पक्षी दाखवायला पाहुण्यांना नावेतून नेतात. थवा आज कुठे उतरलाय ते त्यांना पुस्तकातून कळत नाही, रोज पाण्यावर असतात म्हणून कळतं. परत आलं की कुंभारगावात मच्छी थाळी. मासा तोच, पण बाजारात किलोवर गेला तर एक भाव आणि थाळीत गेला तर दुसरा. आपल्या हतनूरलाही हिवाळ्यात चक्रवाक, पट्टकादंब असे पाहुणे पक्षी येतात. तेव्हा गळ टाकून बसलेल्या माणसासमोर बघायला काहीतरी आहे.

आता हिशेब. खालचे आकडे मी समजावण्यासाठी धरलेत, तुमच्या गावचे भाव तुम्ही टाका.

समजा स्वतःची फायबर नाव, इंजिन, जॅकेट, गळाच्या काठ्या मिळून ३ लाख. पाच वर्षांत वसूल करायचे तर वर्षाला ६० हजार. विमा, दुरुस्ती, कागदपत्रं ४० हजार. झाले वर्षाला १ लाख, नाव पाण्यात उतरो न उतरो. एका दिवसाचा खर्च: नावाडी १०००, मदतनीस ८००, चार पाहुण्यांचं जेवण-चहा १०००, इंधन ६००, संस्थेचा हिस्सा ६००. एकूण ४०००. नावेचं भाडं ६५०० ठेवलं तर दिवसाला २५०० सुटतात. १ लाख भागिले २५००, म्हणजे ४० दिवस भरले तर कुठे तुम्ही शून्यावर येता.

आणि सीझन किती? नोव्हेंबर ते फेब्रुवारी धरा, शनिवार-रविवार मिळून साधारण ३४ दिवस. एकही सुट्टी रिकामी गेली नाही तरी १५ हजार घरातून. प्रत्यक्षात २० दिवस भरले तर ५० हजारांचा खड्डा. नाव विकत घेऊन ‘मग गिऱ्हाईक येईलच’ म्हणणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

दुसरा मार्ग. नाव घेऊ नका, प्रवासी नेण्याची परवानगी असलेली नाव दिवसाच्या बोलीवर घ्या. रोजचा खर्च ८०० ने वाढेल, ४८०० होईल. सुटतील १७००. पण वर्षाचा बांधीव खर्च फक्त जॅकेट, काठ्या, प्रथमोपचार, जाहिरात, समजा २५ हजार. आता १५ दिवसांत तुम्ही वर. तेच २० दिवस भरले तर ९ हजार हातात. फार नाहीत, पण पहिल्या वर्षी खिसा फाटला नाही.

आणि तिसरा मार्ग मला सगळ्यात आवडतो: पहिल्या सीझनला नावच नको. कटला-रोहूचे शौकीन बहुतेक काठावरूनच गळ टाकतात. आदल्या दिवशी एकाच जागी पेंड-पिठाचे गोळे टाकून मासा सवयीला लावतात, मग काठी रोवून तासन् तास बसतात. मुंबईत पवई तलावावर हा शौक कित्येक वर्षं चालू आहे. भाडं कमी घ्यावं लागेल, ४८०० म्हणा. खर्च ३४००, सुटतील १४००. बांधीव खर्च २० हजार धरला तरी पंधरा दिवसांत मोकळे. बुडण्याची धास्तीही बरीच कमी होते.

त्या धास्तीवर जरा थांबतो. २१ मे २०२४ ला याच उजनीत कुगाव-कळाशी दरम्यान प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण गेले. रोजचा रस्ता होता तो, रोजचं पाणी. इंजिनाच्या नावेला २०२१ च्या अंतर्देशीय जलवाहतूक कायद्याखाली नोंदणी आणि तपासणीचा दाखला लागतो. ‘आपल्या ओळखीच्या काकांची मासेमारीची होडी आहे’ हे उत्तर चालत नाही. मासेमारीची होडी वेगळी, पाहुणे नेणारी वेगळी. जॅकेट अंगात घातलेलं पाहिजे, सीटखाली नाही. आणि वारा उठला तर ट्रिप रद्द करायचा अधिकार नावाड्याचा, तुमचा नाही, कारण तुमचा जीव त्या ६५०० मध्ये अडकलेला असतो.

आता मासा लागलाच नाही तर? लागणार नाही असे दिवस येतीलच, आणि नेमके सीझनमध्ये येतील. पाहुणा डिसेंबर-जानेवारीत मोकळा असतो, तेव्हा पाणी गार असतं आणि कटला-रोहू कमी खातात. ऑक्टोबरात किंवा फेब्रुवारी संपताना ते चांगले गळाला येतात. तेव्हा बोर्डावर ‘मासा हमखास’ लिहिलं की फसलात. लिहा: सूर्योदयाला काठावर, गळ टाकायला शिकवणार, पक्षी दाखवणार, दुपारी शेतात जेवण.

आणि जेवण म्हणजे काय, हे खान्देशात सांगायला लागू नये. हिवाळ्यात आपण भरीत पार्टीला शेतात जातोच. काट्या-तुराट्यांवर भाजलेली वांगी, कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, कांद्याची पात. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालंय. पुण्या-नाशिकच्या पाहुण्याला हे हॉटेलात मिळत नाही. सकाळभर गळ कोरडा गेलेला माणूस चुलीशेजारी बसून दोन भाकऱ्या खातो आणि पुढची तारीख विचारतो. मांसाहार न करणारा मित्र किंवा घरची मंडळी सोबत आली तर त्यांचाही दिवस भरतो. घरचे सगळे येत असतील तर चार जणांची नाव भरणं सोपं जातं.

सुरुवात करायची असेल तर लोगो, पेज, रील हे सगळं नंतर. आधी सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या जळगावच्या ऑफिसात जा आणि विचारा: ज्या पाण्यावर डोळा आहे त्याचा ठेका कोणत्या संस्थेकडे आहे, कधीपर्यंत आहे, त्यात गळाने मासेमारीबद्दल काय लिहिलंय. मग महामंडळात विचारा, भिंतीपासून किती अंतर बंदी आहे आणि काठाची कोणती बाजू मोकळी आहे. मग संस्थेच्या चेअरमनकडे, हिशेबाचा कागद घेऊन. ठेका पुढच्या वर्षी संपत असेल तर आत्ता एक रुपयाही घालू नका. नवीन ठेका कोणाला मिळतो ते बघा आणि त्यांच्याशी बोला.