टेलरची पत्रे, रीव्हचा खण

नळदुर्गच्या किल्ल्यात पाणीमहालाच्या पायऱ्या उतरू लागले की आधी आवाज येतो, पाणी मागून दिसते. बोरी नदीवरच्या धरणाच्या भिंतीतच, तिच्या पोटात, ही खोली बांधली आहे. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळातले हे काम. पावसाळ्यात नदी भरून आली की भिंतीवरून नर आणि मादी हे दोन धबधबे कोसळतात, खिडकीसमोर पाण्याचा पडदा उभा राहतो आणि आतला माणूस कोरडा राहतो, असे गावातले लोक अभिमानाने सांगतात. मी गेलो तेव्हा पाऊस नुकताच उघडला होता. खिडकीपाशी उभा राहिलो तेव्हा मनात एकच माणूस होता. याच किल्ल्यात राहून त्याने चार वर्षे या मुलखाचा कारभार पाहिला आणि लंडनच्या एका संपादकाला तो वर्षानुवर्षे पत्रे लिहीत राहिला.

फिलिप मेडोज टेलर १८०८ साली लिव्हरपूलला जन्मला. पंधराव्या वर्षी मुंबईच्या एका पेढीत नोकरीसाठी आला. पेढीचीच अवस्था बिकट निघाली, म्हणून १८२४ मध्ये निजामाच्या फौजेत दाखल झाला. विशीच्या आतबाहेर असतानाच पोलीस अधिकारी म्हणून तो या सरहद्दीवरच्या गावांतून घोड्यावर हिंडला. मराठी शिकला. १८३९ मध्ये ठगांवरची त्याची कादंबरी लंडनमध्ये गाजली. तेव्हा तो रजेवर तिकडेच होता आणि त्याच मुक्कामात हेन्री रीव्हशी त्याची दोस्ती जमली. रीव्ह नात्यातलाच. नॉरिचचे टेलर घराणे हे त्याचे आजोळ.

रीव्हचे काम नीट समजल्याशिवाय या पत्रांचे मोल कळत नाही. १८१३ साली जन्मलेला हा माणूस प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीत नोकरीला होता. हिंदुस्थानातली अपिले शेवटी जिथे पोचत, तेच हे दार. १८४० पासून पंधरा वर्षे तो 'द टाइम्स'चे अग्रलेख लिहीत होता, आणि १८५५ पासून मरेपर्यंत, म्हणजे १८९५ पर्यंत, 'एडिंबरो रिव्ह्यू' या त्रैमासिकाचा संपादक होता. तोकव्हीलचा अमेरिकेतल्या लोकशाहीवरचा ग्रंथ त्यानेच इंग्रजीत आणला. पेत्रार्कचे छोटे चरित्रही लिहिले. पण त्याचा खरा हात होता दुसऱ्यांचे कागद सांभाळण्यात. चार्ल्स ग्रेव्हिल या दरबारी अधिकाऱ्याने मरण्यापूर्वी आपल्या रोजनिशा त्याच्या हवाली केल्या. रीव्हने १८७४ मध्ये त्यांचा पहिला भाग छापला आणि खुद्द व्हिक्टोरिया राणी संतापली. तरी त्याने काम सोडले नाही. पुढचे भाग १८८७ पर्यंत येत राहिले.

अशा माणसाच्या हाती टेलरची पत्रे पडली, हे आपले भाग्यच. दुसऱ्या कुणाकडे गेली असती तर उत्तर लिहून झाल्यावर ती शेगडीत गेली असती. दख्खनमधून निघालेले पत्र टपालवाल्यांच्या पायांनी मुंबईला, तिथून आगबोटीने सुएझला जायचे. सुएझ कालवा १८६९ चा, त्यामुळे मधले वाळवंट जमिनीवरून ओलांडायचे, आणि अलेक्झांड्रियाला पुन्हा बोट. लंडनला पोचेपर्यंत महिना सहज उलटलेला असायचा. उत्तर यायला तेवढाच काळ. पत्र लिहिताना मनात आलेला प्रश्न उत्तर हाती येईपर्यंत शिळा झालेला असणार. तरीही दोघे लिहीत राहिले. पुढे ही पत्रे सर पॅट्रिक कॅडेल यांनी संपादित केली आणि १९४७ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने छापली.

ही पत्रे वाचताना एक गोष्ट विसरू नये. १८४० ते १८५३ या काळात टेलर 'द टाइम्स'चा बातमीदारही होता. रीव्हला लिहिलेल्या खासगी पत्रातली ओळ वळून अग्रलेखात शिरू शकते, हे त्याला पक्के ठाऊक होते. त्यामुळे त्या मजकुरात जिव्हाळा आहे तशी बाजू मांडण्याची धडपडही आहे. तो कंपनीच्या मुलकी सेवेतला नव्हता, निजामाच्या चाकरीतला होता, आणि ही उणीव त्याला वारंवार नडली. कलकत्त्यातल्या वरिष्ठांपर्यंत न पोचणारा आवाज लंडनला पोचवण्याची वाट त्याच्यापाशी होती ती रीव्हच्या घरातून जाणारी. मला तरी यात गैर वाटत नाही. पण वाचणाऱ्याने हे लक्षात ठेवूनच वाचावे.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग-धाराशिवचा हा पट्टा इंग्रजांच्या कारभाराखाली दिला, तेव्हा नळदुर्गची जबाबदारी टेलरकडे आली. त्याआधी बारा वर्षे तो सुरपूरला होता. तिथल्या बोनाळच्या तलावाचे त्याने केलेले काम आजही पाणी धरून आहे. नळदुर्गला त्याने जमिनीची मोजणी सुरू केली, रस्ते आखले. १८५७ च्या ऑगस्टमध्ये त्याला हाताशी फौज नसताना वऱ्हाडात बुलढाण्याकडे पाठवले गेले. १८६० मध्ये त्याने हिंदुस्थान सोडला, आणि त्याच साली नळदुर्गचा मुलूख निजामाला परत गेला.

पत्रांतून आणि आत्मचरित्रातून दिसते ती टेलरचीच बाजू. मोजणीची साखळी ज्यांच्या शेतातून ओढली गेली ते पाटील, आणि रात्री दिव्याच्या उजेडात आकारणीचे आकडे मांडणारे कुलकर्णी, त्यांनीही लिहिलेच की. त्यांचे लिखाण मोडीत आहे, दप्तरांतल्या रुमालांत बांधलेले. त्यांना कुणी रीव्ह भेटला नाही. मोडी वाचणारी माणसे कमी होत चालली आहेत, ही माझ्या जिवाला लागलेली खंत आहे. टेलरचे छापील पान आणि त्याच गावचा मोडी कागद शेजारी शेजारी ठेवून वाचता आले, तरच त्या चार वर्षांचा खरा अंदाज येईल. हे काम धाराशिवलाच व्हायला हवे, कारण शिवाराची नावे, ओढे, पांदी माहीत असणारी माणसे इथेच आहेत.

टेलर आयर्लंडला राहायला गेला तरी तुळजापूर त्याच्या मनातून गेले नाही. १८६३ साली त्याची 'तारा' ही कादंबरी आली. त्याने धरलेला काळ १६५७ चा, अफजलखानाच्या स्वारीचा (खरी स्वारी १६५९ ची), आणि नायिका तुळजापूरच्या ब्राह्मणाची मुलगी. पुढे १७५७ वर आणि १८५७ वर एकेक कादंबरी लिहून त्याने शंभर-शंभर वर्षांची माळ पुरी केली. १८७६ साली फ्रान्समधल्या मांताँ गावी तो वारला. आत्मचरित्र दुसऱ्या वर्षी निघाले, मुलीने संपादलेले, आणि प्रस्तावना अर्थातच हेन्री रीव्हची.

माझ्याजवळ त्या आत्मचरित्राची जुनी प्रत आहे. त्यात आपली गावे पटकन सापडत नाहीत, कारण इंग्रजी लिपीत 'ळ' नाही. नळदुर्ग 'नल्ड्रूग' होऊन बसले आहे, तुळजापूर 'तूलजापूर'. गेल्या दिवाळीपासून मी समासात पेन्सिलीने नावे लिहायला घेतली आहेत. एकेका पानावर, 'ळ'सकट.