मुंगसाच्या तोंडातून सुटलेली तलंग

आमच्या घरामागं ऊस. मुंगूस तिथनंच येतं. परवा त्यानं तलंगीची पाठ फाडली, तर शेजारच्या काकू म्हणाल्या, "आता तांबडा-पांढराच करा." नाही केला!

आधी रक्त थांबवा. स्वच्छ फडकं ५ मिनिटं न उचलता दाबून धरा. मग १ लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ घालून जखम भरपूर धुवा. पिसं बाजूला करून बघाच. दाताची भोकं बारीक दिसतात, पण घाण खोल गेलेली असते. चुना, तंबाखू, राख काही भरू नका. आपल्या दुखण्याच्या गोळ्याही नकोत.

तिला वेगळ्या डालग्याखाली, उबेला, अंधारात ठेवा. लाल जखम दिसली की बाकीच्या कोंबड्या टोचून टोचून जीव घेतात. पावसाळ्यात माश्या त्याहून वाईट, दिवसभरात अळ्या पडतात. डालग्यावर मच्छरदाणी टाका. पाणी आधी, दाणे नंतर.

कातडीखाली हवा भरून फुगवटा आला, तर घरचे उपाय थांबवा आणि जनावरांचा दवाखाना गाठा. डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं, तर अंडी किती दिवस खायची नाहीत तेही विचारून घ्या.