अर्जासोबतचा निबंध: लिहून देऊ नका, लिहिता करा

चिंचपोकळीतल्या एखाद्या मुलीला बारावीनंतर परदेशी कॉलेजात जायचं असतं, किंवा बीए झालेल्या मुलाला बाहेर एमए करायचं असतं. मार्कशीट असते, बोनाफाइड मिळतं. अडतं ते एका पानावर. कॉलेजसाठी त्याला ‘पर्सनल एसे’ म्हणतात, पदव्युत्तर शिक्षणासाठी ‘एसओपी’ (स्टेटमेंट ऑफ पर्पज). आपल्याकडे दहावी-बारावीत निबंध लिहिला जातो तो पाऊस, परीक्षा नसत्या तर, माझा आवडता नेता अशा विषयांवर. स्वतःबद्दल, खरं आणि नेमकं लिहायची सवय शाळा लावत नाही. म्हणून इथे जाणत्या माणसाची सोबत लागते. ती सोबत प्रत्यक्षात कशी करायची, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

एक जुनं उदाहरण

चिंचपोकळीहून दोन स्टेशनं पुढे परळला बीआयटी चाळ आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे अनेक वर्षं राहिले. ते शाळेत असताना चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. तिथे त्यांची ओळख कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षक-लेखकाशी झाली. केळुसकरांनी त्यांना पुस्तकं दिली. 1907 साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. पुढे केळुसकरांनी भीमरावांना बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्यापर्यंत नेलं. महाराजांनी प्रश्न विचारले, उत्तरं भीमरावांनी स्वतः दिली आणि महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. 1913 मध्ये बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथले प्राध्यापक सेलिगमन यांनी पुढे लंडनच्या प्राध्यापक फॉक्सवेल यांना त्यांच्यासाठी शिफारसपत्र लिहिलं.

मार्गदर्शकाची सगळी कामं या हकिगतीत आहेत: वाचायला देणं, योग्य दारापर्यंत नेणं, आपल्या नावाने शिफारस करणं. दारातून आत गेल्यावर बोलायचं काम मात्र विद्यार्थ्याचंच.

आधी वेळापत्रक

अमेरिकेतली शेकडो कॉलेजं ‘कॉमन अ‍ॅप’ या एकाच अर्जावर प्रवेश देतात. तो दरवर्षी 1 ऑगस्टला खुला होतो. लवकरच्या फेरीची मुदत बहुधा 1 नोव्हेंबरच्या आसपास असते, नेहमीची जानेवारीच्या सुरुवातीला. ब्रिटनमधल्या पदवीसाठी ‘यूकास’चा अर्ज भरतात. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजसाठी त्याची मुदत ऑक्टोबरच्या मध्यावर संपते.

आता हे आपल्या भागाच्या कॅलेंडरवर ठेवून पाहा. ऑगस्ट लागला की चिंचपोकळीत ‘चिंतामणी’ या सार्वजनिक गणपतीच्या आगमनाची धामधूम सुरू होते. वर्गणी, ढोलपथकाचा सराव, मग विसर्जनापर्यंत मंडपातली ड्युटी. यात दीड महिना सहज जातो. मुलांना मंडळ सोडायला सांगू नका, ती सोडणारही नाहीत. त्याऐवजी पहिला कच्चा खर्डा जुलैअखेर हातात घ्या. ट्रान्स्क्रिप्टचा अर्जही तेव्हाच करायला सांगा, कारण विद्यापीठातून ती मिळायला आठवडे लागू शकतात.

पहिली बैठक: फक्त बोलणं

पहिल्या भेटीत कागद काढू नका. मराठीत गप्पा मारा आणि ऐका. विचारायचे प्रश्न साधे: घरी कोणतं काम तुझ्याकडे असतं? कशावरून भांडण होतं? गेल्या वर्षात तुझं कोणतं मत बदललं? कोणी सांगितलं नसताना तू काय करत बसतेस?

गिरणगावातल्या, म्हणजे या जुन्या कापडगिरण्यांच्या भागातल्या मुलांकडून हमखास दोन गोष्टी येतात: दहा बाय दहाची खोली आणि आजोबांचा संप. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपाने इथली प्रत्येक चाळ हलली, त्यामुळे ते स्वाभाविकच आहे. पण तो संप आजोबांचा होता आणि अर्ज नातीचा आहे. निबंधात आजोबांना चार ओळी पुरतात. बाकीच्या जागेत नातीने काय पाहिलं, काय केलं, कुठे अडली, हे यायला हवं. गरिबीचंही तसंच. ती लपवू नये, पण वाचणाऱ्याच्या दयेवर निबंध उभा करू नये.

खर्डा आणि त्याची दुरुस्ती

कॉमन अ‍ॅपच्या मुख्य निबंधाला 650 शब्दांची मर्यादा आहे. यूकासमध्ये एकूण 4000 अक्षरं मिळतात आणि 2026 च्या प्रवेशांपासून ती तीन ठरावीक प्रश्नांत वाटून लिहायची आहेत. जागा इतकी थोडी, की पोकळ वाक्य परवडत नाही.

समजा, मुलीने लिहिलं: ‘लहानपणापासून मला वाचनाची व लेखनाची आवड आहे.’ हे वाक्य खोडू नका. समासात लिहा: ‘कशावरून?’ दुसऱ्या खर्ड्यात कदाचित असं येईल: ‘आमच्या मजल्यावर चार घरांत मिळून एक पेपर येतो. तो माझ्याकडे येईपर्यंत शब्दकोडं कोणीतरी सोडवलेलं असतं. म्हणून मी स्वतःच कोडी रचायला लागले.’ आता आवड सांगावी लागत नाही, ती दिसते. ही माहिती मुलीकडे आधीपासून होती, तुम्ही फक्त विचारलं.

इंग्रजीचा क्रम यानंतरचा. मुलीला आधी जमेल त्या भाषेत लिहू द्या, मग तिनेच ते इंग्रजीत करावं. व्याकरणाच्या चुका दाखवा, पण तिच्या साध्या वाक्यांच्या जागी स्वतःची भारी वाक्यं बसवू नका. अर्ज वाचणारे असे हजारो निबंध वाचतात. सतरा वर्षांच्या मुलीच्या मजकुरात पन्नाशीतल्या माणसाचा आवाज आला, तर तो त्यांना खटकतो.

हाच नियम एआयला लागू आहे. एआयने लिहिलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणं कॉमन अ‍ॅपच्या नियमांत फसवणूक ठरतं. यूकासही आलेले मजकूर एकमेकांशी जुळतात का, ते तपासते. क्लासवाल्याने दहा जणांना दिलेला साचा तिथे पकडला जाऊ शकतो.

एसओपीचा प्रश्न वेगळा

कॉलेज विचारतं, तू कोण आहेस? पदव्युत्तर विभाग विचारतो, तुला नेमकं काय शोधायचं आहे आणि ते आमच्याकडेच का? बालपणाच्या आठवणींना इथे फारशी जागा नाही.

‘मला गिरणगावावर संशोधन करायचं आहे’ हा झाला विषय. त्याचा प्रश्न व्हायला हवा. उदाहरणार्थ, गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केलं. मग संपानंतर गिऱ्हाईकच आटलं, तेव्हा या बायकांनी कर्ज आणि उधारी कशी निभावली? हा प्रश्न शोधता येतो. पुढची पायरी म्हणजे याआधी काय लिहिलं गेलं आहे, ते माहीत असल्याचं दाखवणं. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावच्या माणसांच्या मुलाखतींतून उभा केलेला मौखिक इतिहास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला आहे. विद्यार्थ्याने तो वाचलेला असावा आणि आपला प्रश्न त्याच्या पुढे कुठे जातो, ते दोन वाक्यांत सांगता यावं. शेवटी त्या विभागातले कोणते अध्यापक आणि कोणते अभ्यासक्रम या प्रश्नाला उपयोगी पडतील, ते यावं. विद्यापीठाचं नाव बदलून तोच मजकूर दुसरीकडे चालत असेल, तर तो अजून कच्चा आहे.

शिफारसपत्र आणि पैसा

शंभरावर मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या सरांना एकेकाचं काय आठवणार? म्हणून विद्यार्थ्याने पत्र मागताना सोबत एक पान द्यावं: तुमच्या तासाला कोणता पेपर लिहिला, कोणता प्रश्न विचारला, मुदत कधी आहे. किमान महिनाभर आधी विचारावं. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ असं उत्तर आलं, तर नम्रपणे दुसऱ्या शिक्षकांकडे जावं. ते पत्र खोटं ठरतं आणि बहुधा कमकुवतही असतं.

पैशाचं बोलणं पहिल्याच महिन्यात, आई-वडिलांसमोर करा. अर्जाची फी परवडत नसेल तर अनेक अमेरिकी कॉलेजांत फीमाफी मागता येते. उच्च शिक्षणासाठी 1892 पासून चालत आलेली जे. एन. टाटा एंडोमेंट मुंबईतच आहे, पण तिची मदत कर्जाऊ शिष्यवृत्तीच्या रूपात असते, हे घरच्यांना स्पष्ट सांगा. अनुसूचित जातीतल्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. ब्रिटनमधल्या एक वर्षाच्या मास्टर्ससाठी चेव्हनिंग आहे. तिला कामाचा अनुभव लागतो आणि नंतर किमान दोन वर्षांसाठी मायदेशी परतावं लागतं. प्रत्येकीचे नियम त्या वर्षीच्या जाहिरातीतून वाचा, ऐकीव माहितीवर विसंबू नका.

राजू केंद्रे यांची एकलव्य इंडिया फाउंडेशन ही संस्था घरातून पहिल्यांदाच कॉलेजात जाणाऱ्या मुलांसाठी महाराष्ट्रात हेच काम करते. पण दर गल्लीला संस्था पुरी पडणार नाही. तुम्ही स्वतः कधी असा अर्ज भरला असेल, तर येत्या जुलैत जवळच्या अभ्यासिकेत जा, एका मुलाचा खर्डा वाचा आणि समासात ‘कशावरून?’ लिहा. वाक्य मात्र त्यालाच लिहू द्या.