स्ट्रॉबेरी, सिम्प्लेक्स आणि एक जाडजूड पुस्तक

'ऑपरेशन्स रिसर्चसाठी पहिलं पुस्तक कुठलं घेऊ?' एमबीएवाले आणि सप्लाय चेनमध्ये नव्याने लागलेले दोस्त हमखास विचारतात. माझी टेस्ट सोपी आहे: सुरगाण्याची स्ट्रॉबेरी!

हिवाळ्यात सापुताऱ्याला जाताना बोरगावच्या आसपास ती रस्त्याकडेला मिळते. फळ नाजूक, लगेच मऊ पडणारं. समजा, पिकअपमध्ये मोजकेच बॉक्स बसतात, पॅकिंगला माणसंही मोजकी. मग नाशिकला किती धाडायचे, सुरतेला किती, रस्त्यावर किती ठेवायचे? चुकलं तर माल सडला, मजुरी अंगावर. हे कोडं समीकरणांत कसं *मांडायचं* ते जे पुस्तक सुरुवातीलाच शिकवतं, ते घ्या. सोडवायला काय, एक्सेलचा सॉल्व्हरही आहे.

हमदी ताहा इथे पास. छोटी, हाताने करता येणारी उदाहरणं. हिलियर-लिबरमन (पहिली आवृत्ती १९६७) जास्त समजावून सांगतं, पण उशाला घ्यावं इतकं जाड! जे. के. शर्मा परीक्षेसाठी बेस्ट. बॉइड-वँडनबर्गचं 'कॉन्व्हेक्स ऑप्टिमायझेशन' नेटवर फुकट आहे म्हणून त्यानेच सुरुवात करू नका, बॉस. लिनियर अल्जिब्रा पक्कं लागतं.

आणि हो, सूचीत 'करमरकर' शोधा. आयआयटी मुंबईत शिकलेल्या नरेंद्र करमरकरांनी १९८४ मध्ये बेल लॅब्जमधून डँट्झिगच्या १९४७च्या सिम्प्लेक्सला टक्कर दिली. सिम्प्लेक्स कडेकडेने कोपरे गाठत जातो, करमरकरांची पद्धत थेट आतून. पहिल्या वाचनात ते प्रकरण बिनधास्त सोडा.