वेण्णेकाठाहून कृष्णेच्या देवळांकडे

मेढ्याची वेण्णा जेथे कृष्णेस मिळते त्या संगम माहुलीस थेट न जाता, आम्ही काही हौशी सोबती कुडाळ-पाचवडमार्गे आधी मेणवलीस गेलो व प्रवाहाच्या क्रमाने खाली उतरलो, कारण नदीकाठची देवालये नदीच्याच क्रमाने पाहावीत असा माझा आग्रह असतो.

मेणवलीस नाना फडणविसांच्या वाड्यामागील घाटावर, एका लहानशा देवळात, वसईच्या फिरंगी चर्चमधील प्रचंड घंटा टांगलेली आहे. तीवर १७०७ हे साल व बालयेशूसह मेरीची आकृती असून, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई सर केल्यावर अशा कित्येक घंटा मराठी मुलखातील देवळांत आल्या.

वाईच्या ढोल्या गणपतीचे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधविले. पुराचे पाणी दुभंगून दोहों बाजूंनी निघून जावे म्हणून त्याची मागील भिंत मत्स्याकार रचिली आहे, आणि हा व्यवहारी विचार मला मूर्तीच्या भव्यतेहूनही अधिक मोहवितो (भाविकांनी क्षमा करावी!).

लिंबची बारा मोटांची अष्टकोनी विहीर वीरूबाई भोसले यांची. आत चक्क महाल आहे.

माहुलीस श्रीपतराव प्रतिनिधींचे विश्वेश्वर मंदिर पाहावे, छत्रपती थोरल्या शाहूंची समाधी पाहावी, आणि त्यांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याचीही समाधी अवश्य विचारून घ्यावी. जाणे मात्र हिवाळ्यात ठेवावे. पावसाळ्यात घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली असतात.