सामान काहीच टाकलं नाही

सकाळी ८.१०
बदलापूरहून मुंबईकडे निघणाऱ्यांना लोकलमध्ये चढायची चिंता, मला उतरायची. उल्हासनगर दुसरंच स्टेशन. अंबरनाथची गर्दी आत शिरली की दार गाठणं मुश्कील, म्हणून मी बसायच्या भानगडीत पडत नाही.

९.३०
उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधलं माझं दुकान म्हणजे एक टेबल, दोन स्टुलं आणि ब्लोअर. काम एकच, मंदावलेले कॉम्प्युटर नवं हार्डवेअर न टाकता पळते करायचे. शटर वर करेपर्यंत शिकवणीच्या बाई दारात. "रोज रात्री शटडाऊन करते हो, तरी सकाळी उघडायला रडतो."

कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला. परफॉर्मन्समध्ये सीपीयूखाली 'अप टाइम' दिसतो. तिथे २३ दिवस. बाईंना वाटलं मी त्यांना खोटं पाडतोय. पण विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाऊन केलं तरी विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही; त्याची अवस्था डिस्कवर ठेवली जाते आणि सकाळी तीच उचलली जाते. कोरी सुरुवात हवी तर रीस्टार्टच करावं लागतं. तो केला. मग स्टार्टअपची यादी: मीटिंगची दोन ॲप, कधीच विकून टाकलेल्या प्रिंटरचं सॉफ्टवेअर, आणि दोन अँटिव्हायरस. दोघे प्रत्येक फाइल तपासणार, वर एकमेकांच्या पायात पाय. एक अँटिव्हायरस काढला, मीटिंगच्या ॲपचं आणि प्रिंटरच्या सॉफ्टवेअरचं आपोआप सुरू होणं बंद केलं. चहा यायच्या आत बाई मोकळ्या.

११.००
कॅम्प पाचमधल्या जीन्सच्या कारखान्याचा लॅपटॉप. सेठ हिंदीतच सुरू झाले, "साईं, नया लेना पडेगा क्या?" टॅली उघडली की पंखा किंचाळतो आणि दहा मिनिटांत सगळं गोगलगाय. सॉफ्टवेअरकडे मी बघितलंच नाही. तळाचे स्क्रू काढले, बॅटरीचा कनेक्टर सोडवला, पंखा उचलला. पंखा आणि हीट सिंकच्या बारीक पात्यांच्या मध्ये कापसाच्या तंतूंचा थर बसलेला, नमद्यासारखा घट्ट. आणि निळा. चिमट्याने धरला तर अख्खी पट्टी एका तुकड्यात निघाली. सेठ ती हातात घेऊन बघत राहिले. कापड त्यांच्याच कारखान्यातलं.

हवा बाहेर पडायला वाट नसली की प्रोसेसर नव्वद-पंचाण्णव अंशांवर जातो आणि जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. लोक त्याला म्हातारपण समजतात. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं, नाहीतर तो भरमसाट वेगाने फिरतो आणि बेअरिंग जातं. वाळलेली पेस्ट पुसून ताजी लावली. ती विकत आणावी लागते हे खरं, पण थेंबभर पेस्टला मी हार्डवेअर म्हणत नाही. फर्निचर बाजारातून येणाऱ्या लॅपटॉपांत हाच प्रकार, फक्त भुसा.

१.१५
डबा. समोर दाल-पकवानाची गाडी असताना पोळी-भाजी खायची म्हणजे निग्रहच लागतो.

२.००
अंबरनाथचा डीटीपीवाला. लग्नपत्रिकांसाठी जमवलेले मराठी फाँट शेकड्यांनी, सगळे इन्स्टॉल केलेले. सॉफ्टवेअर उघडताना तो सगळा गोतावळा वाचतं. नेहमीचे ठेवले, बाकीचे एका फोल्डरमध्ये हलवले. सी ड्राइव्ह लालेलाल होता, जुन्या पत्रिका डीवर नेल्या. हार्ड डिस्कचं आरोग्य तपासलं, ठीक निघालं. तीच मरायला टेकलेली असेल तर माझी कुठलीच मात्रा चालत नाही. तिथे मी सरळ सांगतो, आधी बॅकअप घ्या.

४.००
ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले काका. इंटेलच्या चौथ्या पिढीचा प्रोसेसर, चार जीबी रॅम. विंडोज १० चे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले आणि ११ ला टीपीएम २.० आणि साधारण आठव्या पिढीपासून पुढचा इंटेल लागतो. थोडक्यात, मशीन धडधाकट आणि कागदोपत्री बाद. मला हा प्रकार मुळीच पटत नाही. पेन ड्राइव्हवरून लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती चालवून दाखवली. डिस्कला हात न लावता वापरून बघता येते, दोन जीबीतही चालते.

काकांनी बँकेची साइट उघडली, मराठी पेपर उघडला, मग आयुष्यभर लेथवर काम केलेल्या माणसाचा प्रश्न विचारला, "सेटिंग बिघडलं तर परत मूळ मापावर आणता येतं का?" टाइमशिफ्ट दाखवलं. "मग टाका."

६.३०
कॉलेजची पोरं. एकाचा लॅपटॉप चार्जर लावला की हळू, काढला की बरा. चार्जर डुप्लिकेट. काही लॅपटॉप अनोळखी ॲडॉप्टर दिसला की प्रोसेसरचा वेग दाबून ठेवतात. मित्राचा अस्सल चार्जर लावला, पळायला लागला. पैसे घेतले नाहीत, घ्यायला काही केलंच नव्हतं.

८.४५
सेठ लॅपटॉप न्यायला आले. टॅली उघडून पाहिली, पंख्याला कान लावला, खूश. बिल पाहिल्यावर मात्र कपाळाला आठी. "सामान तो कुछ डाला नहीं, फिर पैसा काहे का?" म्हटलं, काढलंय ना. निळी पट्टी टेबलावर पुढे सरकवली. त्यांनी पन्नास रुपये कमी करून घेतलेच, आणि पट्टी कारागिरांना दाखवायला खिशात घातली.